शेजारधर्माचा चातुर्मास

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा दाटला असेल, आणि इकडे बारामती-इंदापूरच्या घरोघरी देवघरात तुळशीमंजिऱ्यांचा हार व स्वयंपाकघरात भगर-आमटीची तयारी, असा हा दिवस उगवला असेल. जगद्गुरू तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून पुढे गेली, त्यास दहा-अकरा दिवस लोटले. रस्त्यावर सांडलेला बुक्का आणि तुळशीची पाने पावसाने वाहून नेली. परंतु त्या एका रात्रीने आमच्या मनास लावलेली टोचणी अद्याप गेलेली नाही. आजच्या पुण्यदिवशी ती वाचकांपुढे मांडणे आम्हांस उचित वाटते.

आम्ही राहतो ती वसाहत जुन्या गावाच्या वेशीबाहेरची. एके काळी येथे उसाचे फड होते. पुढे भूखंड पडले, पाया खणला गेला, वास्तुशांती झाल्या. आज ही वसाहत चांगली मुरली आहे. प्रत्येक बंगल्यास कुंपण, कुंपणास फाटक आणि फाटकावर ‘मातोश्री’, ‘आशीर्वाद’, ‘विठाई’ अशी पाटी. त्या वेळी लावलेली आंब्या-नारळाची रोपे गच्चीच्याही वर गेली. नळाला पाणी, दारात दूध, हाकेच्या अंतरावर दवाखाना आणि कोपऱ्यावर गणपतीचे लहानसे मंदिर. ज्यांनी उमेदीची वर्षे भाड्याच्या दोन खोल्यांत काढली, त्यांना या सुखाचे मोल ठाऊक आहे. आम्ही त्याची निंदा करणार नाही. संतांनीही प्रपंचास कधी कमी लेखले नाही. प्रश्न एवढाच, की घरे स्थिरावली, तसा शेजार स्थिरावला काय?

वस्तुतः आमच्यांत मूळचा असा कोण आहे? ज्यांच्यामुळे बारामतीचे नाव मराठी काव्याशी कायमचे जोडले गेले, ते मोरोपंत तरी येथले कोठे होते? १७२९ साली पन्हाळ्यास जन्मलेले हे पराडकर कुळातील पंत तरुणपणी बाबूजी नाईकांच्या आश्रयास आले आणि १७९४ मध्ये देह ठेवीपर्यंत कऱ्हाकाठीच राहिले. त्यांचे आर्याभारत आणि त्यांची केकावली ही, बाहेरून आलेल्या एका गृहस्थास या गावाने आपला मानल्याची फळे होत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा वाहू लागला; अवर्षणाच्या माळावर ऊस उभा राहिला आणि उसामागोमाग माणसे आली. नंतर कारखाने आले, महाविद्यालये आली. कोणी तालुक्याच्या जिरायती भागातून आला, कोणी मराठवाड्यातून, कोणी विदर्भातून.

इंदापूरकडची हकिकत याहूनही मनास चटका लावणारी आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात भीमाकाठची कित्येक गावठाणे गेली. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर उन्हाळ्यात पाणी फारच ओसरले, तरच उघडे पडते. एरवी त्यावरून होड्या जातात. आजोबा-पणजोबांनी जेथे दिवा लावला, ते देऊळ पाण्याखाली ठेवून आलेली कुटुंबे आज नव्या वस्त्यांतून नांदत आहेत. अशा, गाव मागे टाकून आलेल्या माणसांनी एकमेकांना किती घट्ट धरून राहावयास हवे होते! प्रत्यक्षात आम्ही कुंपणे मात्र घट्ट केली.

याउलट वारीकडे पाहावे. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली ही पालखीची परंपरा सुरू केली, असे मानतात. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून प्रस्थान ठेवल्यापासून पंढरी येईतो प्रत्येक दिंडी हे एक चालते गावच असते. रथापुढे कोणी चालावे, रथामागे कोणी, याचा क्रम ठरलेला. प्रत्येकाने भिशी भरावयाची, सर्वांचा स्वयंपाक एकत्र व्हावयाचा. सामानाची मालमोटार, पाण्याचा टँकर, रात्रीचे तंबू, सारे सामाईक. कोणाचे पाय सुजले, तर त्याची पडशी दुसरा उचलतो. पंगतीत कोणी दिसला नाही, तर चौकशी सुरू होते. आपल्याच तालुक्यांतून जाताना ही पालखी किती जणांची सेवा स्वीकारते! काटेवाडीस परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढपाळांची मेंढरे रथाभोवती रिंगण धरतात; पुढे बेलवाडीस आणि इंदापुरास अश्वांचे रिंगण होते. ज्याच्यापाशी जे आहे, ते त्याने वाटेवर अंथरावे, एवढीच तेथली रीत. आज येथे, उद्या तेथे असणाऱ्या या चालत्या माणसांना शेजार आहे. आणि पिढीभर एका जागी राहिलेल्या आम्हांस तो नाही, हे विपरीत नव्हे काय?

आमची टोचणी ती हीच. गेली काही वर्षे परभणीकडच्या एका दिंडीतील चार बाया मुक्कामाच्या रात्री आमच्या ओसरीवर उतरतात. यंदा त्यांतील वडीलधाऱ्या बाईंनी टेकता टेकताच विचारले, “माउली, समोरच्या आक्का दिसंनात यंदा? दर साली पाय शेकाया कढत पाणी घिऊन येत्यात. त्यांच्या गुडघ्यासाठी तेल आणलंया म्या.” आम्ही समोरच्या फाटकाकडे पाहिले. त्यास कुलूप होते. ते केव्हापासून आहे, हे आम्हांस सांगता येईना. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून कळले, की संक्रांतीच्या आधीच आक्का पडल्या, अंथरुणास खिळल्या आणि मुलाने त्यांना पुण्यास नेले. वर्षातून एक रात्र येणाऱ्या बाईला ज्यांच्या गुडघ्याची काळजी होती, त्या पंचवीस पावलांवर राहत असून सहा महिने दिसल्या नाहीत, हे आमच्या ध्यानीही आले नव्हते. ती तेलाची बाटली आमच्या हाती ठेवून बाई पहाटे काटेवाडीच्या वाटेस लागल्या. पुढे आम्ही ती घेऊन पुण्यास जाऊन आलो. आक्कांनी बाटली तत्काळ ओळखली. आम्हांस ओळखावयास मात्र त्यांना क्षणभर वेळ लागला.

पालखीपूर्वी आमच्या वसाहतीच्या बैठकीत, मुक्कामाच्या रात्री मोठे फाटक बंद ठेवावे, अशी सूचना आली होती. सूचना करणारे नास्तिक नव्हते. त्यांच्याही घरी आज उपवासच असेल. पाण्याच्या टाक्या रिकाम्या होतात, आडोशाला घाण होते, गर्दीत अनोळखी माणूस कोण हे कळत नाही, या त्यांच्या तक्रारी खोट्याही नाहीत. परंतु पाण्यास टँकर मागविता येतो. अलीकडे पालखीबरोबर फिरती शौचालये असतात, त्यांची सोय जवळ करून घेता येते. फाटकाशी वसाहतीतील चार तरुण पाळीपाळीने बसू शकतात. अडचणीस उपाय असतो. बंद फाटकास मात्र एकच अर्थ असतो, आणि तो बाहेरच्यास कळतो तसाच आतल्यासही. जे फाटक वारकऱ्यास बंद होते, ते हळूहळू शेजाऱ्यासही बंद होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पंढरीच्या देवाची कथा तरी काय सांगते? तो दारात आलेला पाहुणा आहे. पुंडलिकाने त्यास तिष्ठत ठेवले खरे, परंतु ते दार लावून नव्हे. वृद्ध मातापित्यांच्या सेवेत खंड पडू नये म्हणून. बसावयास आसन नव्हते, तर वीट पुढे केली. देव त्या विटेवर आनंदाने उभा राहिला; कारण घरात सेवा चालली होती. आमच्या वसाहतींतून आज कितीतरी वृद्ध मातापिता एकटे आहेत. मुले पुण्यास, मुंबईस, कोणाची परदेशी. त्यांची विचारपूस ही पुंडलिकाच्याच सेवेचा भाग नव्हे काय?

हे आम्हांस जमणारच नाही, असेही नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी करोनाच्या साथीमुळे पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरपुरास गेल्या आणि आमच्या रस्त्यावर टाळाचा नाद उमटला नाही. परंतु त्याच काळात, ज्या घरात दुखणे शिरले, त्या घराच्या फाटकास शेजाऱ्यांनी जेवणाचे डबे आणून अडकविले. तेव्हा कोणी जात विचारली नाही, गाव विचारले नाही. संकट टळले आणि डबे थांबले. संकटात जे सुचते, ते सुखात का सुचू नये?

आजपासून चातुर्मास सुरू होत आहे. घरोघरी नेम धरले जातील. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करील, कोणी पोथी लावील, कोणी लक्ष दूर्वांचा संकल्प सोडील. त्यांतच आणखी एक लहानसा नेम धरावा, अशी आमची विनंती आहे. आजची आषाढी आणि पुढची कार्तिकी धरून या चातुर्मासात नऊ एकादश्या येतात. प्रत्येक एकादशीस संध्याकाळची दिवाबत्ती झाल्यावर, ज्या घराचा उंबरा आपण आजवर ओलांडला नाही, अशा एका घरी जावे. फराळाची वाटी न्यावी. नसेल तर रिकाम्या हातांनी जावे. घरात कोण कोण असते, कोण एकटे आहे, अडीअडचणीस कोणाला कळवावयाचे, एवढे विचारून यावे. नऊ एकादश्या, नऊ घरे. कार्तिकीस देव जागा होईल, तेव्हा आमच्या वसाहतीसही जाग आलेली असावी.

आम्ही आजची सुरुवात समोरच्या फाटकापासून करणार होतो. तेथे अजून कुलूप आहे. म्हणून त्याच्या शेजारच्या घरी जात आहोत.