‘सौम्य’ कोणासाठी?

१० जुलै २०२४ला सकाळी सव्वासातच्या सुमारास वाशिम जिल्ह्यात जमीन हलली. केंद्र शेजारच्या हिंगोलीत, कळमनुरी तालुक्यात, तीव्रता ४.५. त्याच वर्षी २१ मार्चच्या सकाळी त्याच भागात ४.५ आणि ३.६ असे दोन धक्के बसले होते. दोन्ही वेळा आपण तेच ऐकलं: धक्का सौम्य होता, जीवितहानी नाही, घाबरू नका.

माझं भांडण ‘सौम्य’ या शब्दाशी आहे.

४.५ हा आकडा जमिनीतून किती ऊर्जा सुटली ते सांगतो. तुमच्या डोक्यावर काय आहे, ते सांगत नाही. स्लॅबच्या घरात अशा धक्क्याने भांडी वाजतात. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर धाब्याची जड माती असेल, तर तोच धक्का भिंतीला भेग पाडू शकतो. आणि पुढच्या धक्क्याला ती भिंत भेगेसकट सामोरी जाते.

किल्लारीचा भूकंप ६.२चा होता, म्हणजे ऊर्जेच्या हिशोबात आपल्या धक्क्याच्या सुमारे साडेतीनशे पट. तसा भूकंप इथे येणार, असं मी म्हणत नाही. ते कोणीच सांगू शकत नाही. पण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेआधी तो भाग नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. वर्षभर आधी, १९९२मध्ये, तिथेही छोटे धक्के बसत होते. घरं मात्र होती तशीच राहिली. जवळपास दहा हजार माणसं गेली, बहुतेक स्वतःच्याच घराखाली.

त्यानंतर काय करायचं ते महाराष्ट्राला नीट कळलं. धाब्यावरची माती कमी करायची. भिंतीच्या दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड बसवायचे. दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा घालायचा. तीस वर्षं जुनं ज्ञान आहे हे, आणि गावातला गवंडी ते करू शकतो.

“लोकांना उगाच घाबरवू नका,” असं म्हणणारे भेटतात. घाबरतो तो, ज्याला काय करायचं हे कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून मागणी साधी आहे. घरकुलाचा हप्ता सोडताना बांधकामाचा फोटो काढतातच. त्यात तो पट्टा दिसल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नका. जुन्या धाब्याच्या घरांची, शाळांची आणि अंगणवाड्यांची तपासणी करा, आणि दुरुस्तीला पैसे द्या. धक्का बसला की नुसता ‘जाणवला का?’ असा स्टेटस टाकू नका. घराच्या कोपऱ्यांतल्या भेगांचे तारखेसह फोटो काढा, ते ग्रामसभेत दाखवा आणि त्यांची नोंद करून घ्या.