पावसाचा जमाखर्च

दिवाळींत व्यापारी आपल्या वह्यांची पूजा करितो आणि घरोघरच्या गृहिणी महिनाअखेर जमाखर्च जुळवितात. परंतु ज्या पावसावर अवघ्या संसाराची भिस्त, त्याचा हिशेब मांडण्याची चाल मात्र आपल्यांत नाहीं. यंदां पाऊस किती पडला, हें आपण विचारतों. तो गेला कोठें, हें सहसा विचारीत नाहीं.

वर्धा जिल्ह्याकडे दृष्टि टाकली म्हणजे ह्या प्रश्नाचें महत्त्व ध्यानीं येतें. उत्तरेस आर्वी, आष्टी, कारंजा ह्या तालुक्यांत सातपुड्याच्या टेकड्या व उथळ जमिनी. दक्षिणेस हिंगणघाटाकडे खोल काळी कपाशीची जमीन. दोहोंकडे सारखाच पाऊस पडला, तरी उतारावरचें पुष्कळसें पाणी ओढ्यानाल्यांतून वाहून जातें. काळी जमीन तें पोटांत धरून ठेवते. पावसानें मध्येंच पाठ फिरविली, तर उथळ जमिनीचें पीक आधीं करपतें. अशा शेतकऱ्यानें विहिरीसाठीं कर्ज काढावें, शेततळें खोदावें, कीं पीकच बदलावें? अंदाज चुकला तर त्याचें प्रायश्चित्त सबंध कुटुंबास भोगावें लागतें.

जागतिक बँकेच्या साह्यानें २०१८ सालीं सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांत वर्धा जिल्ह्याचाही समावेश झाला. त्या प्रकल्पासाठीं मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील मंडळींनीं पाण्याचा ताळेबंद काढणारी संगणकाची आज्ञावली रचिली. मातीचा पोत व खोली, जमिनीचा उतार, त्यावरील पिकें आणि रोजचा पाऊस हे नकाशांचे थर ती एकावर एक ठेविते. आणि किती पाणी वाहून गेलें, किती ओल मातींत राहिली, किती पिकानें घेतलें व किती भूगर्भांत मुरलें, ह्याची दिवसवार नोंद करिते. पिकाची गरज व मिळालेलें पाणी ह्यांतील तूट नकाशावर रंगांनीं दिसूं लागते. अक्षरशत्रूसही आपल्या शिवाराची स्थिति त्यांत ओळखतां येईल.

ही आज्ञावली ज्या पायावर उभी आहे, त्या 'क्यूजीआयएस'चा आरंभ गॅरी शर्मन ह्या अमेरिकन गृहस्थानें २००२ सालीं केला. तिला मुक्तस्रोत म्हणतात. ती विनामूल्य मिळते, हा तिचा गुण खराच. परंतु आमच्या मतें तो दुय्यम होय. तिची सर्व रचना कोणासही वाचतां येते, चूक दाखवितां येते, सुधारतां येते व सुधारलेली इतरांस देतां येते, हा तिचा खरा गुण. ज्या वहीचीं पानें शिवून टाकलेलीं, ती वही कितीही सुबक असली तरी ऋणकोनें तिजवर विश्वास कां ठेवावा?

आणि ह्या हिशेबांत चुका संभवतात. पर्जन्यमापक एका गांवीं, तर सर कोसळते शेजारच्या गांवीं. नकाशा माती खोल म्हणतो, आणि कुदळ हातभरावर खडकाला लागते. अशा वेळीं यंत्राचा शब्द प्रमाण मानून पैसा खर्च करणें हें अंधश्रद्धेचेंच नवें रूप होय. शेतकऱ्याच्या कुदळीचा पुरावा आज्ञावलींत पोंचला पाहिजे, आणि तो पोंचविण्यास वही उघडी असावी लागते.

येथेंच आमच्या वाचकांचा संबंध येतो. आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें-मुली पुण्यास, बंगळुरास वा परदेशीं संगणकाचेंच काम करितात. सुटींत ते घरीं येतात, आणि गांवाकडे सारें बिघडलें असें हळहळून परत जातात. क्यूजीआयएसचीं भाषांतरें जगभर स्वयंसेवकांनींच केलीं आहेत. तिचे दोष शोधणारे व पाठ लिहिणारेही पुष्कळसे तसेच. मग मराठी शब्द नेमके करणें, एखादा पाठ सोप्या मराठींत लिहिणें, एका गांवच्या विहिरींच्या नोंदी नकाशावर ताडून पाहणें, एवढें आपल्या तरुणांस अशक्य आहे काय? ह्यास द्रव्य लागत नाहीं. आठवड्यांतील दोन तास आणि चिकाटी लागते.

मुलांनीं आपल्यास पैसे पाठविले, म्हणजे आपण समाधान मानतों. पुढील पत्रांत त्यांस एवढेंही विचारावें, कीं आपल्या विद्येचा कांहीं अंश ते ह्या पावसाच्या वहीस देतील काय?