क्रियाविशेषणाचें आसन

एका वाचकभगिनींनीं आपल्या चिरंजीवांच्या इंग्रजी निबंधांतील एक वाक्य आम्हांकडे पाठविलें आहे. मुलानें "धिस कॅन बी ईझिली डन" असें लिहिलें. शिक्षकांनीं तांबड्या शाईनें "ईझिली" उचलून "कॅन" व "बी" यांच्यामध्यें बसविलें आणि अर्धा गुण कापला. यांत चूक ती कोणती, असा बाईंचा प्रश्न आहे. आमच्या मतें चूक कांहींच नाहीं. दोन्ही रचना शिष्टसंमत आहेत, आणि तो अर्धा गुण मुलास परत मिळावयास पाहिजे. परंतु प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं, म्हणून या महिन्याचें पान त्यालाच देतों.

हें कोडें आपल्या मुलांस विशेष कां पडतें, तें प्रथम पाहूं. "कर्तव्य", "करणीय", "कार्य" हीं कृत्यप्रत्ययान्त रूपें घ्या. विधि आणि कर्मणित्व हीं दोन्ही तेथें एकाच पदांत सांठविलेलीं असतात. मध्यें कोणास शिरावयास फटच नाहीं. "कर्तुं शक्यते" येथें पदें दोन झालीं खरीं, पण कर्मणि रूप शक् धातूनें घेतलें, तुमन्त जसेंच्या तसें राहिलें, आणि "सुखेन" हें पद पुढें ठेवा कीं मागें, अर्थास बाध येत नाहीं. इंग्रजींत "कॅन", "मस्ट", "मे" यांना कर्मणि रूपच नाहीं. सगळा भार पुढच्या क्रियापदावर पडतो आणि "कॅन—बी—डन" अशी तीन पदांची माळ होते. तींत फटी दोन. पाहुण्यानें कोणत्या फटींत बसावें, हा तंटा तेथूनच सुरू होतो.

माळ मुळीं तोडूंच नये असें मानणारेही कांहीं पंडित होऊन गेले. हेन्री फाउलर यांनीं 1926 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशांत या समजुतीचा चांगला समाचार घेतला आहे. "टू" आणि क्रियापद यांच्यामध्यें शब्द घालण्याची जी भीति लोकांना असते, तीच भीति येथवर पसरली, असें त्यांचें निदान. फाउलर स्वतः कित्येक वर्षें शाळामास्तर होते, तेव्हां तांबड्या शाईचा गुण त्यांना ठाऊक असणारच!

आतां व्यवहाराचा नियम. "नॉट" नेहमीं पहिल्या फटींत. "ऑल्वेज", "नेव्हर", "प्रॉबेब्ली" यांचेंही तेंच आसन: "डोअर्स शुड ऑल्वेज बी क्लोज्ड". काम कसें करावें हें सांगणारें क्रियाविशेषण बहुधा धातुसाधिताला चिकटून किंवा त्याच्या मागून येतें: "मस्ट बी केअरफुली वॉश्ड" अथवा "मस्ट बी वॉश्ड केअरफुली". "ईझिली" दोन्हीकडे चालतें. एवढें पुरे.

खरी गंमत आहे ती आसन बदलतांच अर्थ बदलतो तेथें. "ही शुड बी क्लिअरली टोल्ड" म्हणजे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावें. "ही शुड क्लिअरली बी टोल्ड" म्हणजे त्याला सांगितलें पाहिजे हें उघडच आहे; मग शब्द कसेही असोत. पहिल्या वाक्यांत क्रियाविशेषण सांगण्याचें आहे, दुसऱ्यांत सबंध विधानाचें. मुलांना हा भेद एकदां डोळ्यांपुढें मांडून दाखवावा. अर्धा गुण कापण्यापेक्षां त्यांत अधिक शिक्षण आहे.

आणि आतां आपल्या कचेऱ्यांचें लाडकें "काइंडली". "लीव्ह मे काइंडली बी ग्रँटेड" हें वाक्य हिंदुस्थानांत लिहिलें नाहीं असा कारकून विरळा. आसन बिनचूक आहे. परंतु "कृपाळूपणें" हें विशेषण कर्त्याच्या वृत्तीचें. आणि कर्मणि प्रयोगानें कर्त्यास तर आधींच वाक्याबाहेर घालविलें! कृपा शिल्लक राहिली, करणारा नाहींसा झाला. विलायतेंत असें सहसा लिहीत नाहींत. तेथें "प्लीज" म्हणून सरळ समोरच्याला विनंति करतात.

आमच्या शेजारीं एक विधवा बाई राहतात. पतिनिधनानंतरचें त्यांचें निवृत्तिवेतन सात महिने अडकून पडलें आहे. त्यांच्या पहिल्या अर्जांत "अरीअर्स मे काइंडली बी पेड" असें होतें. कचेरीचें उत्तर आलें, "युअर केस विल बी ड्यूली कन्सिडर्ड". "ड्यूली" दुसऱ्या फटींत, अगदीं योग्य आसनावर बसलेलें! पण विचार कोणी करावयाचा आणि केव्हां, याचा वाक्यांत पत्ता नाहीं. बाईंनीं तें पत्र आमच्या पुढें ठेवून विचारलें, "गुरुजी, म्हणजे पैसे मिळणार का?" व्याकरणानें याचें उत्तर देतां येईना.

दुसरा अर्ज आम्हीं लिहून दिला. त्यांत "काइंडली" नाहीं, "मे बी" नाहीं. अमुक महिन्यापासूनची बाकी कृपा करून द्या. हें काम ज्यांच्याकडे आहे त्या अधिकाऱ्यांचें नांव आणि निर्णयाची तारीख कळवा. इतकींच दोन वाक्यें, दोन्ही कर्तरि. "इतकें सरळ लिहिलेलें चालेल ना?" म्हणून बाई जरा बिचकल्या, पण त्यांनीं सही केली. परवां अर्ज टपालांत पडला.