एकीकरण झाले, हिशेब राहिला

१/ दर १ मे रोजी संयुक्त महाराष्ट्राचा मंगलकलश आठवला जातो, ते योग्यच. पण त्याच दिवशी विदर्भाने ‘अनुशेष’ हा शब्द उच्चारला की त्याच्यावर फुटीरतेचा शिक्का बसतो. या थ्रेडचे म्हणणे एवढेच : हिशेब मागणे हा एकीचा द्रोह नव्हे; तो टाळणे हा द्रोह आहे.

२/ १९५६ पूर्वी मराठी मुलूख तीन राज्यांत विभागला होता. विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशात, मराठवाडा हैदराबाद राज्यात, उरलेला भाग मुंबई राज्यात. तीन तिजोऱ्या, तीन प्रशासने. भाषा एक असली तरी अर्थव्यवस्था एक नव्हती.

३/ विदर्भ रिकाम्या हाताने आला नव्हता. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचा कापूस १९व्या शतकातच इंग्लंडच्या बाजारात नावाजलेला होता. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये हा प्रदेश आर्थिकदृष्ट्या शिलकीचा मानला आणि स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली.

४/ ती शिफारस बाजूला पडली. विदर्भाच्या हाती उरला २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार : निधी आणि नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात, शासनाचा ठरावीक काळ मुक्काम नागपुरात. करार नेत्यांमधला, कायद्याचे बळ त्याला नव्हते.

५/ आता जर्मनी पाहा. १ जुलै १९९० रोजी पूर्वेत पश्चिमेचे चलन आले, वेतन एकास एक दराने बदलले गेले आणि पूर्वेचे असंख्य कारखाने स्पर्धेत कोसळले. चुका प्रचंड झाल्या. पण १९९१ मध्ये तेथे ‘एकात्मता अधिभार’ लागला. एकीकरणाला किंमत असते, हे नागरिकाला आपल्या करपावतीवर वाचता आले.

६/ आपल्याकडे १९५६ मध्येच संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) ने विकास मंडळांची वाट मोकळी केली. मंडळे अस्तित्वात आली १९९४ मध्ये. अनुशेष मोजण्यासाठी दांडेकर समिती नेमली गेली ती १९८३ मध्ये. तिचा आकडा : सुमारे ३,१८६ कोटी रुपये, पैकी विदर्भाचा वाटा सुमारे १,२४६ कोटी.

७/ ‘मुख्यमंत्री तर तुमचेच होते!’ होते. पुसदचे वसंतराव नाईक ११ वर्षांहून अधिक काळ होते. त्या काळातही मंडळे झाली नाहीत. म्हणजेच प्रश्न व्यक्तीच्या गावाचा नसून बंधनकारक यंत्रणेचा आहे.

८/ ‘नागपूरला अधिवेशन तर भरते!’ भरते, आणि काही दिवसांत आटोपते. कराराचा विधी पाळला गेला, आशय हरवला.

९/ स्वतंत्र विदर्भवाद्यांनाही एक प्रश्न : नागपूरने उद्या वर्धा-गडचिरोलीला हेच केले तर? मोजमापाची सक्ती नसेल, तर नवी राजधानी म्हणजे केवळ नवी मुंबईच.

१०/ विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा ती वेळेत वाढवली गेली नाही. मागणी साधी आहे : कार्यक्षम मंडळे, आणि दर अर्थसंकल्पासोबत जिल्हावार तरतूद व प्रत्यक्ष खर्च यांचा तक्ता. भावाभावांत प्रेम असले तरी खातेवही लागतेच. ती उघडी असली की प्रेमही टिकते.