घरच्याच घराचे भाडे

फेब्रुवारी उजाडला की शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या लेखाविभागात घरभाड्याच्या पावत्यांची जमवाजमव सुरू होते. त्यांतील कित्येक पावत्यांवर घरमालक म्हणून कर्मचाऱ्याच्याच आईची वा वडिलांची सही असते. वर्षभरात एक पैसाही हाती न पडलेली आई बारा पावत्यांवर एका बैठकीत सह्या करते, मुलाचा कर वाचतो, आणि यात काही गैर घडले असे घरात कोणालाच वाटत नाही. दोष आईवडिलांना भाडे देण्यात नाही. न दिलेले भाडे दिले असे लिहिण्यात आहे. हा भेद सुशिक्षित नोकरदारांनाही उमगू नये, ही चिंतेची बाब आहे.

मुळात घरभाडे भत्ता मिळणे आणि त्यावर करसवलत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतःच्या घरात राहणाऱ्या सरकारी नोकरालाही भत्ता मिळू शकतो. सवलत मात्र प्रत्यक्ष भाडे भरणाऱ्यासाठीच आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील या सवलतीने घरमालक नातेवाईक असू नये, अशी अट कधी घातली नाही. घर कर्मचाऱ्याच्या मालकीचे नसावे, त्याने तेथे राहावे आणि भाडे खरोखर द्यावे, एवढेच तिचे मागणे.

उदाहरणार्थ, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ६०,००० रुपये मिळवणारा एखादा शिक्षक वडिलांच्या घरात राहतो आणि त्यांना दरमहा १५,००० रुपये देतो, असे समजू. त्याचा घरभाडे भत्ता १२,००० रुपये आहे. भाड्यातून वेतनाचा दहावा हिस्सा वजा जाता ९,००० रुपये उरतात. हा आकडा भत्त्याहून कमी असल्याने सवलत तेवढ्याचीच मिळते. वडिलांच्या हाती वर्षाकाठी १,८०,००० रुपये येतात आणि ते त्यांचे उत्पन्न ठरते. त्यातून त्यांनी भरलेली घरपट्टी आणि उरलेल्या रकमेच्या ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. दुसरे मोठे उत्पन्न नसलेल्या वृद्धाला त्यावर बहुधा कर पडत नाही. म्हणजे सरळ मार्गानेही कुटुंबाचा लाभच होतो. वाकड्या वाटेने जाण्याचे कारणच उरत नाही.

न्यायाधिकरणांचे निर्णयही हेच सांगतात. २०१३ साली आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद खंडपीठाने पत्नीला दिलेल्या भाड्यावरची सवलत मान्य केली. २०१७ साली मुंबई खंडपीठाने मात्र आईला रोखीने भाडे दिल्याचा एका करदातीचा दावा फेटाळला. तिच्यापाशी भाडेकरार नव्हता, रोख रक्कम दिल्याचा विश्वसनीय पुरावा नव्हता आणि ती तेथे राहत होती हेही सिद्ध झाले नाही. नाते दोन्हीकडे जवळचेच होते. निकाल पुराव्याने फिरला.

ब्रिटनमध्ये घरभाड्यासाठी सरकारी साहाय्य मागणाऱ्यापुढेही हाच प्रश्न उभा राहतो, आणि तेथील नियम अधिक कडक आहेत. घरमालक जवळचा नातेवाईक असून त्याच घरात राहत असेल, तर हे साहाय्य नाकारले जाते. घर स्वतंत्र असेल तर नात्याची आडकाठी नाही. पण भाडेव्यवहार खराखुरा असावा लागतो. आपल्याकडे एकाच छपराखाली राहणाऱ्या मुलालाही सवलत मिळू शकते. कायद्याने दाखवलेल्या या विश्वासाची जबाबदारी म्हणूनच मोठी आहे.

यावर आक्षेप ठरलेला असतो: आईबापांशी कसला करार आणि कसली पावती? भावना उदात्त आहे. परंतु हीच भावना फेब्रुवारीत नेमकी कोठे जाते? कर चुकवताना आई घरमालकीण, आणि पैसे देताना ती केवळ आई, हा सोयीचा मातृधर्म झाला. शिवाय चौकशी उद्भवलीच तर उत्तर देण्याची पाळी त्या वृद्धेवरही येते. वर्षाचे भाडे एक लाखाहून अधिक दाखवले की तिचा पॅन क्रमांक कागदावर येतो, आणि न मिळालेले उत्पन्न तिच्या नावे नोंदले जाते.

याउलट खरे भाडे घराला बरेच काही देऊन जाते. निवृत्तिवेतन नसलेल्या वडिलांच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला हक्काची रक्कम पडते. औषधासाठी वा नातवंडाच्या खाऊसाठी त्यांना कोणापुढे हात पसरावा लागत नाही. त्यासाठी फार खटाटोपही नको. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लेखी करार करून त्याची नोंदणी करावी, भाडे बँकेतून द्यावे आणि ते परिसरातील दरांशी सुसंगत असावे.

२०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली मूळ पर्याय ठरली. तीत ही सवलत नसल्याने खोट्या पावत्यांचा मोह काहीसा ओसरेल. परंतु मोह ओसरणे म्हणजे सचोटी रुजणे नव्हे. वर्गात प्रामाणिकपणाचा धडा शिकवणाऱ्याने आईपुढे कोरी पावती सरकवण्यापूर्वी एवढेच पाहावे: या कागदावरची रक्कम तिच्या हाती पडली आहे काय?