फोटो कोण नेणार?

इन्स्टंट कॅमेरा घ्यायला गेलं की दुकानातला पोरगा आधी रंग विचारतो. गुलाबी, जांभळा, फिकट हिरवा, निळा की पांढरा? फुजीफिल्मच्या इन्स्टॅक्स मिनी १२ चे हे पाच रंग. आतलं यंत्र पाचांतही तेच. माझी पुतणी ठाण्यात नोकरीला लागली. गणपतीला आमच्या पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावी येताना असा एखादा कॅमेरा आणावा, असं तिच्या मनात आलं. रंगापाशी अडली आणि मला फोन केला, "काका, कुठला घेऊ?" मी म्हटलं, "आधी एक सांग, फोटो कोण नेणार?"

तिला वाटलं काका थट्टा करतात. थट्टा नव्हती. ह्या कॅमेऱ्याला निगेटिव्ह नसते. बटण दाबलं, कागद बाहेर आला, की जगात तेवढीच एक प्रत. कट्ट्यावर बसलेल्या दोन मैत्रिणींना ती पुरते. एक म्हणते तू ठेव, दुसरी म्हणते पुढचा माझा. आमच्या घरी गणपतीत काय होतं? मुंबईची दोन बिऱ्हाडं, सुरतेचं एक, गावात राहणारी काकू, तिच्या माहेरची पाहुणी, शिवाय आरतीला आलेली शेजारची सगळी पोरं. एक फोटो निघाला की बारा हात पुढे येतात. "आमचा कुठंय?" हे वाक्य मोदकाच्या ताटावर जितकं ऐकू येत नाही, तितकं फोटोवर ऐकू येतं. म्हणून कॅमेरा निवडताना लेन्स, रंग, पट्टा हे सगळं नंतर. त्या कागदासाठी किती हात ताटकळणार, ते आधी मोजावं.

ह्या यंत्राचा जन्मही घरातल्या हट्टातूनच झाला. १९४३ साली एडविन लँड हे अमेरिकी संशोधक सांता फे इथं सुट्टीवर असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीनं विचारलं, आत्ता काढलेला फोटो आत्ताच का दिसत नाही? लँड यांनी ते मनावर घेतलं. २१ फेब्रुवारी १९४७ ला न्यूयॉर्कमध्ये त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं आणि १९४८ च्या नोव्हेंबरात बोस्टनच्या एका मोठ्या दुकानात पहिला पोलरॉइड कॅमेरा विकायला ठेवला. त्या वेळचे फोटो सोलून काढावे लागत. कॅमेऱ्यातून आपोआप बाहेर पडणारा आणि उजेडात डोळ्यांदेखत उमटणारा फोटो १९७२ च्या एसएक्स-७० पासूनचा. युक्ती तीच अजून चालते. कागदाच्या खालच्या जाड पांढऱ्या पट्टीत रसायनाची चपटी पुडी असते. फोटो बाहेर पडताना दोन रुळांमधून जातो, पुडी फुटते आणि रसायन सगळ्या कागदात सारखं पसरतं. म्हणजे डार्करूम त्या पट्टीतच भरलेली असते. तेव्हा फोटो हलवत बसायचं काही कारण नाही. ती सवय जुन्या, सोलायच्या फोटोंची. २००३ च्या एका अमेरिकी गाण्यानं ती पुन्हा जगभर पसरवली. उलट कागद वाकवला, दाबला तर डाग पडतात. आमच्याकडे पोरं तो पंख्याखाली धरतात. त्यानंही काही होत नाही, पण निदान बिघडत तरी नाही.

पोलरॉइडनं २००८ साली फिल्म बनवणं थांबवायचं जाहीर केलं, तेव्हा हा खेळ संपला असं सगळ्यांनी धरलं होतं. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे इथला शेवटचा कारखाना काही हट्टी माणसांनी चालवायला घेतला आणि आज पोलरॉइडची फिल्म पुन्हा मिळते. फुजीची गोष्ट आणखी गमतीची. १९९८ साली आलेला इन्स्टॅक्स २००२ मध्ये वर्षाला दहा लाख विकला जात होता, मग डिजिटल कॅमेऱ्यांच्या लाटेत तो आकडा लाखावर आला. पुढे कोरियातल्या एका मालिकेत हा कॅमेरा दिसला, तरुण मुलींनी तो उचलून धरला आणि दहा-बारा वर्षांत विक्री वर्षाला कोटीवर गेली. ज्यांच्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत, त्यांनीच हा कॅमेरा वर आणला.

आपल्याकडे इन्स्टंट फोटोचा खरा धंदा केला तो गेटवे ऑफ इंडियावरच्या फोटोग्राफरांनी. मुंबईत राहणाऱ्या आमच्या तालुक्यातल्या माणसाकडे पाहुणा आला की त्याला गेटवे दाखवायचंच आणि मागे ताजमहाल हॉटेल येईल असा एक फोटो काढून घ्यायचा. तसे फोटो पोलादपूरकडच्या घरांत भिंतीवर अजून दिसतात. गेटवेवरच्या त्या फोटोग्राफरांच्या खांद्याला आता डिजिटल कॅमेरा असतो आणि पिशवीत छोटा प्रिंटर. दोन-तीन मिनिटांत फोटो हातात. रितेश बत्रा यांच्या २०१९ च्या 'फोटोग्राफ' चित्रपटात नवाझुद्दीन सिद्दिकी यांनी असाच गेटवेवरचा फोटोग्राफर केला आहे. हा गेटवेवरचा माणूस मला ह्या विषयातला सगळ्यात जाणता वाटतो. त्याला ठाऊक असतं की समोर उभं राहिलेलं कुटुंब आधी फोटो बघणार, मग म्हणणार, "आणखी दोन काढा, एक मामाला आणि एक गावी." आपला कॅमेरा 'पुन्हा काढून' देणारा हवा की नको, हे पुतणीनं त्याच्याकडून शिकावं.

आता एकेक बघू. मिनी १२ सात-आठ हजारांच्या आसपास मिळतो. दोन पेन्सिल सेल घातले की सुरू. उजेड किती हे तो स्वतःच ठरवतो, आपण फक्त लेन्स फिरवायची आणि बटण दाबायचं. पण फोटो ६२ बाय ४६ मिलिमीटरचा, पाकिटात ठेवायच्या ओळखपत्रापेक्षा लहान. दोन-तीन चेहरे त्यात छान येतात. मखरासमोर उभं राहिलेलं सगळं खटलं त्यात घातलं की चेहरे तिळाएवढे होतात आणि मग काकू विचारते, "ह्यात मी कुठली?"

दुसरी अडचण फ्लॅशची. मिनी १२ चा फ्लॅश प्रत्येक फोटोला पडतोच, बंद करता येत नाही, आणि पोचतो जेमतेम दोन मीटर. उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या पुतळ्यापाशी भर दुपारी मित्रांना उभं करा, उत्तम फोटो येईल. आरतीच्या वेळी समईच्या उजेडात बाप्पाचं जे तेज दिसतं ते मात्र फ्लॅशमध्ये सपाट होऊन जातं. महाशिवरात्रीनंतर महाडात वीरेश्वराचा छबिना असतो, आसपासच्या गावांचे देव पालख्या, सासनकाठ्या घेऊन रात्री भेटीला येतात. तिथं हा कॅमेरा नेला तर पुढच्या माणसाचं डोकं पांढरंफटक आणि मागं काळोख. फ्लॅश बंद करायची सोय हवी असेल तर मिनी ९० किंवा २०२४ चा मिनी ९९ बघावा. पण ते महाग, आणि मौजेसाठी घेतलेल्या कॅमेऱ्यावर इतकी बटणं आली की तो एकट्या हौशी माणसाच्याच हातात राहतो. बाकीचे हात लावत नाहीत.

माणसं जास्त असतील तर इन्स्टॅक्स वाइड. त्याचा फोटो ९९ बाय ६२ मिलिमीटर, मिनीच्या दुपटीहून मोठा. ओटीवर दोन रांगा करून बसवलेलं घर त्यात नीट मावतं. २०२४ च्या वाइड ४०० ला टायमर आहे, म्हणजे फोटो काढणाऱ्यालाही पळत जाऊन कडेला उभं राहता येतं. एरवी घरातला एक माणूस दरवर्षी फोटोत नसतो आणि तो बहुधा थोरला जावई असतो. यंत्र मात्र अवजड आहे. खांद्याच्या पिशवीत एरवीचं सामान राहणार नाही. तरीही माझं मत विचाराल तर सगळ्यांच्या एकत्र फोटोसाठी कोकणातल्या घराला वाइडच शोभतो.

पोलरॉइडचा मोह होतो, मलाही होतो. चौकोनी मोठा फोटो, रंगात एक मऊपणा. पण त्याची फिल्म १३ ते २८ अंश तापमानात वापरा असं कंपनीच सांगते. आमच्याकडे मे महिन्यात पारा कुठं असतो हे पोलादपूरच्या एसटी स्टँडवर दुपारी दोनला उभं राहिलेल्याला विचारावं. फुजीची फिल्म चाळीस अंशांपर्यंत धीर धरते. शिवाय आताचा पोलरॉइडचा फोटो बाहेर आल्याआल्या उजेडापासून झाकावा लागतो, रंगीत फोटो उमटायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि पाकिटात आठच फोटो. इन्स्टॅक्स दीड मिनिटात उमटतो, पाकिटात दहा. महाबळेश्वरच्या थंडीत पोलरॉइड ठीक. आंबेनळी घाट उतरून खाली आलात की फुजी.

राहिला मिनी इव्हो. हा आतून डिजिटल आहे. आधी मागच्या पडद्यावर फोटो बघायचा, आवडला तर छापायचा, हवा तितक्यांदा छापायचा. मिनी १२ च्या दुपटीहून जास्त किंमत. जाणकार नाक मुरडतात, म्हणतात ह्यात थरार उरला नाही, डोळे मिटलेले फोटो गाळून टाकता येतात. त्यांचं बरोबर आहे. पण बारा हातांच्या घरात प्रती वाटायला तोच खरा उपयोगी. काकूला एक, सुरतेला एक, बाप्पाशेजारी चिकटवायला एक. आणि प्रत शिल्लक राहते हेही आमच्या भागात लहानसहान नाही. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं तेव्हा अल्बमच्या अल्बम चिखलात गेले. एकुलती एक प्रत असलेला फोटो वरच्या फळीवर ठेवावा किंवा निदान फोननं त्याचा फोटो काढून ठेवावा. फोन चांगला असेल तर इव्होसुद्धा नको, नुसता मिनी लिंक प्रिंटर पुरतो. त्याला कॅमेरा म्हणवत नाही एवढंच.

खर्च कॅमेऱ्याचा एकदाच, फिल्मचा कायमचा. मिनीचा एक फोटो पन्नास-साठ रुपयांच्या घरात पडतो, वाइडचा त्याहून जास्त. गौरी-गणपतीच्या दिवसांत तीन पाकिटं सहज उडतात. पुतणीला मी म्हटलं, पहिलं पाकीट तुझं, उरलेल्यांसाठी वर्गणी काढ. सजावटीला काढतो तशीच.

आमचं बोलणं इथवर आलं आणि ती म्हणाली, "काका, सगळ्यांना वाटायला नाही घेत मी. मैत्रिणींबरोबर चंद्रगड किल्ल्यावर जाणार आहे, त्यासाठी घेतेय. गणपतीत असाच वापरू." मग प्रश्नच मिटला. तीन मैत्रिणी, दिवसाचा उजेड, पाठीवर बॅग: मिनी १२ घे, स्वस्त आणि हलका. धबधब्याचे फोटो त्यात काढत बसू नको, माणसांचे काढ, दीड-दोन मीटरवरून. डोळ्याला लावायची खिडकी लेन्सच्या बाजूला असते, त्यामुळे जवळून काढताना चौकट थोडी सरकू शकते. डोक्यावर जागा ठेव.

फिल्म येतानाच घेऊन यावी, ऐन चतुर्थीला महाडच्या बाजारात शोधत फिरू नये. खोक्यावरची मुदत बघून घ्यावी. गाडीच्या काचेखाली, डॅशबोर्डवर ठेवू नये. घरी फ्रिजमध्ये ठेवावी, पण वापरायच्या आधी काही तास बाहेर काढावी, नाहीतर आपल्या दमट हवेत तिच्यावर पाणी धरतं. आखातातून येणाऱ्या भावंडांकडून मागवली असेल तर ती विमानात जमा करायच्या सामानात टाकू नका म्हणावं, तिथल्या एक्स-रेनं फिल्म खराब होते. आणि पाकीट आत असताना कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं की उरलेल्या फोटोंवर उजेड पडून ते वाया जातात. घरातल्या पोरांना दुसरं काही सांगितलं नाही तरी चालेल, पण झाकणाला हात लावायचा नाही, हे आल्याआल्या दरडावून सांगावं. ती तरीही एकदा उघडतातच, म्हणून एक पाकीट कपाटात वेगळं ठेवावं.