शक्ती किती आणि शेरा कोणाचा?

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारा ते पाच या वेळेत शहाण्या माणसाने घराबाहेर पडू नये, असा अलिखित नियम आहे. मोठ्यांना तो पाळता येतो. मुलांना घरात थांबवायचे तर त्यांच्या डोक्याला काही काम द्यावे लागते. पत्ते, कॅरम, लुडो, व्यापार हे सारे पहिल्या आठवड्यातच संपते. या सुट्टीत माझा नातू पुण्याहून येताना वडिलांची चार जाडजूड इंग्रजी पुस्तके घेऊन आला. ‘आजोबा, सुपरहिरोंचा खेळ खेळायचाय. पण कोणत्या नियमांनी, ते तुम्ही ठरवा. तुम्ही गणिताचे सर ना!’

हा खेळ पटावरचा, पण त्याला पट नसला तरी चालतो. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्राने काय करायचे ते खेळाडू बोलून सांगतो आणि ते जमले की फसले हे फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढून हा प्रकार रूढ केला. पुढे त्यात सुपरहिरो आले. आमच्या पिढीला हे वेड नवे नाही. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळासाठी आम्ही खाऊचे पैसे वाचवत असू, आणि 1997 नंतर ‘शक्तिमान’ने आमच्या मुलांना गरगर फिरायला लावले. फरक एवढाच, की वेताळाची गोष्ट दुसऱ्याने लिहिलेली असे. इथे ती मुलांनी रचायची.

पहिले पुस्तक उघडले ते 1981 च्या ‘चॅम्पियन्स’चे. माझ्यातला गणिताचा मास्तर खूश झाला. प्रत्येकाला ठरावीक गुण मिळतात, त्यातून शक्ती विकत घ्यायच्या. उडणे इतक्या गुणांना, चिलखत तितक्या गुणांना. वर काही उणीव पत्करली, म्हणजे कोणी वैरी मागे लागलेला, कोणी दुबळा आप्त सांभाळायचा, तर जादा गुण. नातवाचा युक्तिवाद बिनतोड होता : ‘सगळ्यांना सारखे पॉइंट, म्हणजे कुणावर अन्याय नाही.’ पण खेळायला शेजारची मुलगीही आली होती. तिची आई विड्या वळते. घरी तेलुगू, शाळेत मराठी. इंग्रजी तक्ते तिला परके. नातवाने तासाभरात डोंगर उचलणारा गडी तयार केला. तिच्या कागदावर नुसते नाव होते. सारखे गुण दिले म्हणजे न्याय झाला, असे नसते. हिशेब ज्याला येतो त्याचेच त्यात फावते.

दुसरे पुस्तक 1984 चे ‘मार्व्हल सुपर हीरोज’. त्यात शक्तीला आकड्यांबरोबर विशेषणे आहेत : सामान्य, चांगले, उत्कृष्ट, अद्भुत. प्रगतिपुस्तकावरचे शेरेच जणू! मला आवडला तो त्यातला ‘कर्मा’. हा आपलाच शब्द अमेरिकेची वारी करून आला आहे. सत्कृत्य केले की कर्म साठते आणि अडचणीच्या वेळी ते खर्चून फाशाचा आकडा वाढवता येतो. नायकाने कोणाचा जीव घेतला तर मात्र साठवलेले सगळे कर्म एका क्षणात शून्य. मुलांशी चार व्याख्याने देऊन जे साधत नाही, ते हा एक नियम साधतो. तिसरे ‘म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स’, 2002 चे. ते वीस बाजूंच्या फाशावर चालते आणि मनात येईल ती शक्ती त्यात बसवता येते. कॉलेजातल्या मुलांनी वर्ष वर्ष खेळावे असे ते आहे. आमच्याकडे होते लुडोचे दोन फासे आणि तीन आठवडे.

चौथे पुस्तक 2016 चे ‘मास्क्स’. त्याला साधे दोन फासे पुरतात. बेरीज दहा किंवा वर गेली की काम फत्ते, सात ते नऊ असली तर जमले पण काही किंमत देऊन, आणि सहा किंवा खाली आली की संकट. यातले नायक किशोरवयीन आहेत. त्यांच्या ताकदीचे मोजमाप नाही. मोजमाप आहे ते स्वतःकडे कसे पाहतात याचे. मी त्या पाच रकान्यांना मराठी नावे दिली : धोकादायक, विचित्र, तारणहार, वरचढ, साधा. मार लागला तर रक्त कमी होत नाही. भीती, राग, अपराधीपणा, निराशा, असुरक्षितता यांपैकी एकावर खूण होते. आणि खरी मेख पुढेच आहे. ज्या मोठ्या माणसाचे तुमच्यावर वजन आहे त्याने ‘तू असा आहेस’ म्हटले, की एक रकाना वर जातो, एक खाली. ते नाकारायचे तर फासे टाकावे लागतात.

आम्ही गोष्ट गड्ड्याच्या जत्रेत घडवली. आकाशपाळणा मध्येच अडकला आहे, वर माणसे ओरडताहेत. नातवाच्या गड्याने खांबच उपटायला घेतला. शेजारच्या मुलीच्या नायिकेची शक्ती एवढीच, की तिचा आवाज कितीही गर्दीत प्रत्येकाच्या कानाशी पोचतो. सूत्रधार या नात्याने मी तिथे एक साहेब उभा केला आणि त्याच्या तोंडून म्हणालो, ‘तू बाजूला हो. तुझ्याने काय होणार?’

ती गप्प झाली. मग फासे उचलून म्हणाली, ‘नाही ऐकत की वो आजोबा!’ सहा आणि पाच, अकरा पडले. तिने स्वतःच्या हाताने ‘तारणहार’ एक घर वर सरकवला आणि पाळण्यातल्या एकेकाला धीर देत खाली उतरवले.

खेळ पुढे गेला, मी मात्र तिथेच अडकलो. ते वाक्य मला सुचावे लागले नव्हते. एकतीस वर्षे फळ्यापुढे उभा राहून मी ते किती जणांना ऐकवले असेल! त्या मुलांचा कोणता रकाना खाली गेला असेल? त्यांच्या हाती फासेही नव्हते.

या खेळातही उणीव आहे. ज्याला नुसती मारामारी हवी त्याला तो रडका वाटतो. नातू दोनदा कंटाळला. शिवाय सूत्रधाराने तोंडाला आवर घातला नाही, तर खेळातले शब्दही खरेच लागतात. म्हणून ‘कर्मा’चा नियम आम्ही दुसऱ्या पुस्तकातून उसना घेतला. तरी निवड विचाराल तर माझे मत ठाम आहे. कोणत्या पुस्तकात शक्ती जास्त, हे पाहू नका. त्यातला नियम कशाला बक्षीस देतो आणि कशाची किंमत मागतो, ते पाहा. मूल नियमाकडूनच शिकते, उपदेशाकडून नाही.

शेवटच्या दिवशी नातवाने विचारले, ‘आजोबा, डॉक्टर कोटणिसांना किती पॉइंट द्याल?’ याच गावात 1910 साली जन्मलेला हा माणूस 1938 मध्ये चीनला गेला, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिला आणि 1942 साली तिथेच वारला. मी ‘चॅम्पियन्स’चा तक्ता पुढे ओढला. उडणे नाही, चिलखत नाही. बेरीज शून्य आली. शेजारची मुलगी म्हणाली, ‘मग तक्ता चुकला की वो.’

मी उत्तराखाली बरोबरची खूण केली. शेरा काही लिहिला नाही.